लवलेल्या मानेचं प्रकरण

शनिवार, ८ जून १८१६

जर्व्हिस उद्या द्वंद्वाच्या आव्हानाचं पत्र लिहिणार आहे! वयाच्या साठाव्या वर्षी, उजव्या पायाचा अंगठा सुजलेला असताना. आणि कोणाला — तर आरमारातून निवृत्त झालेल्या कॅप्टन केलोंना. गेली बारा वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी माझा हा भाऊ ज्यांच्याशी सोंगट्या खेळत आलाय, त्यांना.

झालं ते इतकंच. सकाळी अकरा वाजता झऱ्याच्या दिवाणखान्यात नेहमीची गर्दी होती. अख्खं चेल्डन गाव रोज तिथलं पाणी प्यायला जमतं. चव गंजलेल्या खिळ्यांची, पण पोटाला चांगलं म्हणतात. जर्व्हिसच्या तोंडात त्या पाण्याचा मोठा घोट. समोरून केलो आले. तोंड भरलेलं म्हणून जर्व्हिसने नुसतीच मान लववली — पण काय लववली! कमरेपासून, टोपी छातीशी धरून. असं लवणं आताच्या तरुणांना जमत नाही. केलो हातभर अंतरावरून सरळ पुढे निघून गेले. मान नाही, नजर नाही. आणि लगेच पुढच्या पावलाला मिसेस डॅब्नी म्हणाल्या, "सुप्रभात, कॅप्टन," तर त्यांना मात्र टाचा जुळवून झकास उत्तर.

कोणीतरी पेला खाली ठेवला, त्याचा आवाज ऐकू आला.

मिसेस डॅब्नी म्हणजे आमच्या गावचं वर्तमानपत्र, फक्त दिवसातून दोनदा निघतं. त्यांनी पंखा उघडला. "मिस्टर थर्लवॉल, हा अपमान तुम्ही गिळणार?"

जर्व्हिसने आधी पाणी गिळलं. मग म्हणाला, "नाही."

रविवार, ९ जून

चर्चमधल्या मिस्सेहून आल्यावर लिहायला बसला तो चहापर्यंत. चार मसुदे. त्याने आयुष्यात लिहिलेलं हे सर्वांत गोड पत्र असावं. शिंप्याला लिहितो तेव्हा दोन ओळींत आग ओकतो. आणि ज्याला गोळी घालायची त्याला मात्र "आपला अत्यंत आज्ञाधारक व नम्र सेवक".

"'अतीव खेद' लिहू की नुसता 'खेद'?" मला विचारलं.

"जर्व्हिस, तू स्वतः जाऊन विचार ना त्यांना, काय झालं म्हणून. दोन गल्ल्या तर ओलांडायच्या."

बाजारात जाऊन मासळी निवडून आण म्हणावं, तसा बघत राहिला माझ्याकडे. "अर्सुला, सद्गृहस्थ विचारायला जात नसतो. सद्गृहस्थ आपल्या वतीने बोलायला पाठीराखा पाठवतो."

चाळीस वर्षं हे ऐकतेय मी. सद्गृहस्थ काय करतो हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. काय करत नाही ते मात्र पाठ आहे. तो गाठोडं उचलत नाही. घाई करत नाही. मोठ्याने हसत नाही. मासळीचा भाव त्याला माहीत नसतो. आणि उपजीविकेसाठी तो काहीही, काहीही करत नाही. एवढं सगळं न करता माणूस दमत कसा नाही?

सोमवार, १० जून

केलोंचं उत्तर आलं. एकच ओळ — "आपली इच्छा असेल तसं." माफी नाही. खुलासा नाही. त्यांचा स्वभाव असा नाही हो!

मंगळवार, ११ जून

सोंगट्यांचा दिवस. पट कपाटातच राहिला.

त्याऐवजी पाठीराखे जेवायला. आमच्या बाजूने मिस्टर पार्जिटर, केलोंच्या बाजूने कर्नल ट्रेमलेट. समोरच्या पक्षाचा माणूस आमच्याकडे कसा जेवतो, असं मी विचारलं. तर म्हणे, बोलणी दोघांनी एकत्र बसूनच करायची असतात, आणि बदक आमच्याकडे चांगलं होतं.

इतके खूश दोघं की काय सांगू. गावात सहा वर्षांत द्वंद्व झालेलं नाही. कर्नल ट्रेमलेट म्हणजे मानापमानाच्या शास्त्रातला शेवटचा शब्द. वॉटरलूच्या वेळी त्यांची दाढ दुखत होती, त्यामुळे त्यांना जाता आलं नाही. ती उणीव ते अशी भरून काढतात.

"पंधरा पावलं," पार्जिटर म्हणाले.

"बारा," कर्नल म्हणाले. "पंधरा पावलांवरून या वयात काय लागणार? लोक हसतील."

"अंगठ्याचं काय? खुर्ची ठेवावी का थर्लवॉलला?"

"छे! सद्गृहस्थ बसून मरत नाही."

जर्व्हिस शांतपणे बदक कापत होता.

मग जाकिटाचा रंग — काळं की करडं — यावर अर्धा तास. नंतर न्याहारी कुठे करायची, यावर पाऊण तास. गिरणीमागचं कुरण ठरलं. शुक्रवार, एकवीस तारीख, सकाळी सहा. गिरणीजवळच्या खानावळीत हॅम चांगलं मिळतं म्हणून.

"किती जणांची न्याहारी सांगायची?" मी चहा ओतता ओतता विचारलं.

दोघांनी हिशोब केला. चार म्हणाले, मग एकमेकांकडे बघून म्हणाले, तीन.

जाताना कर्नल रंगात आले होते. त्यांच्या पलटणीतल्या एकाला एका धान्याच्या व्यापाऱ्याने आव्हान दिलं होतं, ती गोष्ट सांगितली. "पण तो पडला दुकानदार! मग द्वंद्व कसलं? पत्र न फोडता परत. सद्गृहस्थ फक्त सद्गृहस्थावर गोळी झाडतो, मिस थर्लवॉल. नाहीतर मग ती मारामारी झाली."

गुरुवार, १३ जून

ख्रिस्तशरीराचा सण. जून महिना, आणि शेगडी पेटवून बसलेय. या वर्षी सूर्य आलेलाच नाही.

समुद्रापलीकडे, ब्रुजच्या मठातल्या शाळेत असताना आजच्या दिवशी आम्ही मुली पांढऱ्या झग्यांत, परड्या घेऊन, मिरवणुकीपुढे पाकळ्या टाकत चालायचो. मागे वळून बघायचं नाही, अशी मदर प्लॅसिडांची सक्त ताकीद. मी एकदाच वळले. जर्व्हिस गर्दीत उभा होता, हात मागे बांधून. सतरा वर्षांचा. माझ्याकडे बघून त्याने असं लवून अभिवादन केलं, जणू मी फ्रान्सची राणी. एक अख्खी मूठ पाकळ्या माझ्याच पायांवर पडल्या.

आज मिस्सेनंतर फादर लॅम्बर्टना गाठलं. ते म्हणाले, "द्वंद्व करणाऱ्याला धर्मबहिष्कार आहे, अर्सुला. मारला गेला तर मला त्याच्यासाठी प्रार्थनासुद्धा म्हणता येणार नाही. त्याला सांग."

सांगितलं.

जर्व्हिस गळपट्ट्याची घडी नीट करत होता. "देव सद्गृहस्थ आहे," म्हणाला. "तो समजून घेईल."

शुक्रवार, १४ जून

मागच्या बागेत पिस्तुलाचा सराव. कुंपणावर कोबीचा गड्डा. बारा गोळ्या, गड्डा शाबूत. दर हंगामात पोतंभर तितर आणणारा माणूस! वय झालं.

पण बारा पावलांवरून आंधळासुद्धा मारतो, असं पार्जिटर म्हणाले. धीर द्यायला म्हणाले बिचारे.

शनिवार, १५ जून

लिहू की नको? शब्द दिलाय. पण हे पान कोणाला सांगणार?

आज केलोंकडे गेले होते. एकट्या विधुराच्या घरी बाईमाणसाने जाऊ नये, म्हणून टॅबिथाला बरोबर नेलं. टॅबिथा आमची मोलकरीण, ताडमाड उंच. मी तिच्या खांद्याशी. केलोंच्या नोकराने दार उघडलं, आत माझं नाव सांगितलं आणि तो कोळसे आणायला गेला. मी दारातच गप्प उभी राहिले, कारण सुरुवात कशी करायची ते सुचेना.

केलो उठले. हसले. टॅबिथाकडे तोंड करून लवले. "या मिस थर्लवॉल. बसा. तुम्ही आलात, बरं वाटलं."

टॅबिथा माझ्याकडे बघते, मी टॅबिथाकडे.

"मी इकडे आहे, कॅप्टन."

ते खुर्चीचा हात चाचपून बसले.

"टॅबिथा, बाहेर थांब," मी म्हणाले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दीड वर्ष होत आलं. आधी कडा गेल्या. आता मधलंही गेलं. उजेड कुठे आहे ते कळतं. माणूस बोलला तर कोण ते कळतं. घरापासून झऱ्यापर्यंत चारशे दहा पावलं, मग तीन पायऱ्या."

"म्हणजे जर्व्हिसची मान—"

"कसली मान? नोकराने मला आव्हानाचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा कळलं की तो तिथे होता. नेहमी तो दहा कोसांवरून ओरडतो, 'केलो, लेका!' म्हणून. त्या दिवशी काय झालं होतं त्याला?"

तोंडात पाणी होतं. त्या घाणेरड्या पाण्याचा एक घोट!

"मग सांगा की त्याला! तेवढंच सांगा. मी सांगते, आत्ता जाऊन—"

"मिस थर्लवॉल." आवाज एकदम जहाजावरचा. "आव्हान येण्याआधी सांगितलं असतं तर तो खुलासा झाला असता. आता सांगितलं तर ती सबब. 'म्हातारा घाबरला, डोळे पुढे केले.' ट्रेमलेट गावभर सांगेल. आणि माझ्या मुलीला कळलं, की ती गाडी घेऊन येईल आणि मला लिंकनला नेऊन मागच्या खोलीत ठेवेल. पायावर शाल. दिवसातून दोनदा सूप. त्यापेक्षा बारा पावलं बरी."

"तुम्ही गोळी कशी झाडणार?"

"ट्रेमलेट उभा करेल तिकडे तोंड करून, आकाशात. तेवढं आभाळ कुठे आहे ते मला अजून कळतं."

"आणि जर्व्हिस?"

"तो त्याला वाटेल ते करेल. त्याचा हक्क आहे."

मी रडत होते, पण आवाज येऊ दिला नाही. तरी त्यांनी रुमाल पुढे केला. मग म्हणाले, "सोंगट्यांची मात्र मजा होती हो. हल्ली फासे पडले की तो आकडे मोठ्याने सांगतो. म्हातारपणी सवय लागली त्याला. माझी सोय झाली. बाकी पट मी बोटांनी ओळखतो."

माझ्याकडून शब्द घेतला. जर्व्हिसला सांगायचं नाही, कोणालाच सांगायचं नाही. मी दिला. का दिला?

रविवार, १६ जून

मिस्सेत काही ऐकू आलं नाही. सगळा वेळ केलोंचे हात दिसत होते.

सोमवार, १७ जून

मला आता रात्रंदिवस एकच दिसतंय. जर्व्हिस पिस्तूल उचलणार, आणि समोर त्याचा एकुलता एक मित्र चुकीच्या दिशेला तोंड करून उभा असणार. नंतर कधीतरी जर्व्हिसला कळणार, आपण आंधळ्याला मारलं. आणि मग तो जगणार नाही. धर्मबहिष्कृत, शिवाय वर हे.

शब्द मोडायचा नाही. द्वंद्व मोडायचं. ते कसं?

कर्नल ट्रेमलेटच म्हणाले होते — सद्गृहस्थ फक्त सद्गृहस्थावर गोळी झाडतो. दोघांपैकी एक जण सद्गृहस्थ नाही असं निघालं तर?

आधी केलोंचा विचार केला. त्यांचा आजा कॉर्नवॉलला कथलाच्या खाणीत मुकादम होता, ते स्वतःच सांगतात. पार्जिटर वाटेत भेटले, तेव्हा सहज विचारलं. म्हणाले, "छे छे, त्याचं काही नाही! राजाच्या सहीचं अधिकारपत्र मिळालं की आजा-पणजा सगळे धुऊन निघतात."

म्हणजे केलो पक्के सद्गृहस्थ.

मग उरतो एकच.

मंगळवार, १८ जून

हे मी कधी लिहिलेलं नाही. बेचाळीस वर्षांत आम्ही दोघं एकमेकांशीही बोललेलो नाही.

वडील गेले त्या हिवाळ्यात घरून काही येणं बंद झालं. मी मठात, चौदा वर्षांची. मदर प्लॅसिडांनी कधी काही म्हटलं नाही, पण मला इंग्लंडला परत पाठवायची भाषा सुरू झाली होती. कोणाकडे पाठवणार होते? आणि मग ती भाषा थांबली. मला वाटलं, प्रार्थना फळली.

फळली ती अशी. जर्व्हिस, थर्लवॉल घराण्याचा एकुलता एक मुलगा, मादाम वेरहुल्स्टच्या दुकानात फिती विकायला उभा राहिला. दोन वर्षं. सगळ्यांना त्याने सांगितलं, शिकतोय; खरं मला पुढे मठातूनच कळलं. रविवारी मठाच्या जाळीपलीकडे बसायचा, बाहीला खडूचे डाग. मी विचारलं तर म्हणायचा, "भूमिती." कशावर तरी आम्ही इतके हसायचो की जाळीशी बसलेली सिस्टर खाकरायची. मोठ्याने हसायचा तेव्हा. तेव्हा गाठोडीही उचलायचा.

मग काकांचं मृत्युपत्र आलं, आम्ही घरी आलो, आणि तो सद्गृहस्थ झाला. त्यानंतर त्याला कधी तसं हसताना पाहिलं नाही.

ते दुकान त्याने माझ्यासाठी केलं. आणि आता तेच मी...

बुधवार, १९ जून

केलं.

कर्नल ट्रेमलेटना चहाला बोलावलं. जर्व्हिस वकिलाकडे गेला होता, मृत्युपत्रावर सही करायला. लोणी लावलेला पाव, जिऱ्याचा केक. हवापाण्याचं झालं. मग मी म्हणाले, "जर्व्हिस शुक्रवारचा फार विचार करत नाही. ब्रुजला फितींच्या दुकानात उभा असायचा तेव्हाही असाच शांत असायचा."

कर्नलांचा पेला ओठांपाशी थांबला.

"फिती खरेदी करायला उभा असेल."

"विकायला, कर्नल. दोन वर्षं."

पेला बशीत आला. बराच वेळ ते केककडे बघत राहिले. मग अगदी हळू, वैद्याने आजाऱ्याच्या बायकोला विचारावं तसं विचारलं, "घाऊक की किरकोळ?"

"किरकोळ."

"पेढी असेल हो. हिशेब तपासत असेल. परदेशात कुलीन माणसंही कधी कधी पेढीवर—"

"गजाने मापून द्यायचा."

"स्वतःच्या हाताने?"

"स्वतःच्या. आणि फुलं बांधून द्यायचा, टोप्यांसाठी. फार छान बांधायचा."

कर्नलांनी डोळे मिटले. घाऊक असतं तर एक दाखला होता म्हणे, ब्रिस्टलचा. किरकोळीला दाखला नाही. "मिस थर्लवॉल, हे तुम्ही मला सांगितलंत याची तुम्हाला कल्पना आहे का?"

"गप्पांच्या ओघात आलं," मी म्हणाले. "काही बिघडलं का?"

बायकांना अशा गोष्टी कळत नाहीत, यावर सद्गृहस्थांचा गाढ विश्वास असतो. देवाचे आभार.

उठले तेव्हा केकचा दुसरा तुकडा रुमालात बांधून घेतला. घाईने गेले. सद्गृहस्थ घाई करत नाही.

गुरुवार, २० जून

कर्नलांचं पत्र. "उजेडात आलेल्या परिस्थितीमुळे कॅप्टन केलो यांना आपल्याशी भेट घेता येणार नाही." केलो म्हणे चिडले, टेबलावर मूठ आपटली, भेट घेणारच म्हणाले. कर्नल म्हणाले, मग पाठीराखा कोणीच मिळणार नाही. दुकानदाराशी द्वंद्व केलं तर तुमच्याच नावाला डाग. नियमापुढे कॅप्टनसुद्धा काय करणार?

पार्जिटरांनी स्वतःचं पत्र धाडलं. त्यांना अचानक डर्बीला जावं लागतंय.

जर्व्हिसने दोन्ही पत्रं वाचली, घडी घातली. "कोणी सांगितलं असेल?" कोणाला उद्देशून नाही, असंच.

कर्नल बाईचं नाव सांगणार नाहीत. तेवढे सद्गृहस्थ आहेत. मी गप्प बसले असते तर कधीच कळलं नसतं.

"मी सांगितलं," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. राग असता तर बरं झालं असतं. का, म्हणून विचारेल अशी वाट बघत होते. विचारलं असतं तर शब्द मोडला असता मी, नक्की मोडला असता. त्याने विचारलं नाही.

"बरं," म्हणाला. आणि गुलाबांची छाटणी करायला गेला.

शुक्रवार, २१ जून

सहाचे ठोके पडले तेव्हा तो खाली बसून अंडं खात होता. जिवंत. मी जिन्यात उभी राहून त्याच्या चमच्याचा आवाज ऐकला.

सोमवार, २४ जून

पत्त्यांच्या मंडळाचं पत्र — जागा भरल्या आहेत. तो तिथे सोळा वर्षं आहे.

मिसेस डॅब्नी रस्त्यात भेटल्या. माझ्याशी बोलल्या. मी बाई, मी फिती विकल्या नाहीत. जर्व्हिसने टोपी काढली तर त्यांनी समोरच्या खिडकीकडे पाहिलं. खिडकी बंद होती. जाता जाता म्हणाल्या, "तरीच म्हटलं, यांना रेशमाची पारख इतकी कशी."

धोबीण, पाववाला, फादर लॅम्बर्ट. एवढीच माणसं आता त्याला ओळखतात. पाववाल्याचा आदर तर वाढलेला दिसतो. आज पाव मोठा होता.

बुधवार, २६ जून

जेवताना बोलतो. हवेबद्दल, गुलाबांबद्दल. सभ्यपणे. मला ते सहन होत नाही. "जर्व्हिस, मला काहीतरी म्हण," मी म्हणाले.

"मीठ दे," म्हणाला.

गुरुवार, २७ जून

फादर लॅम्बर्टकडे पापनिवेदन केलं. कारण सांगता येईना, म्हणून नुसतं म्हणाले, भावाचा जीव वाचवायला मी त्याचं नाव घालवलं. ते म्हणाले, "जीव वाचला ना?" मी म्हणाले, हो. "मग आणखी काय हवं तुला?"

त्याने मला माफ करायला हवंय, आणखी काय! आणि का केलं ते कधीच न कळता त्याने ते करायला हवंय. असं कोण करतं?

शनिवार, २९ जून. पेत्र आणि पौल यांचा सण.

जर्व्हिस म्हणाला, "चल, झऱ्यावर." तीन आठवड्यांनी. निळा अंगरखा, पांढरा गळपट्टा. आम्ही आत शिरलो आणि सगळीकडे पाठीच पाठी. तो मधोमध उभा राहिला, हातात पेला.

थोड्या वेळाने केलो आले. ती शांतता ऐकून त्यांना कळलं असावं, आत कोण आहे ते. मिसेस डॅब्नी काहीतरी बोलल्या, त्यांनी लक्ष दिलं नाही. टोपी काढली आणि सगळ्या चेल्डनसमोर लवले. इतके खाली की मला त्यांची टाळू दिसली.

लवले ते खांबाला. जर्व्हिस त्यांच्या डावीकडे होता, चांगला आठ हात लांब.

कोणीतरी हसायला तोंड उघडलं. तोवर जर्व्हिस निघाला होता. दुखरा अंगठा, तरी लांब ढांगा टाकत, काठी न वाजवता. खांबापुढे जाऊन उभा राहिला, पहिल्यापासून तिथेच असल्यासारखा. केलो सरळ होईपर्यंत थांबला. मग टाचा मोठ्याने जुळवून म्हणाला, "सुप्रभात, केलो, लेका. मी पण लवलोय बरं."

मी पेला खाली ठेवला.

घरी येताना विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"नाताळपासून. त्याला सांगू नकोस. त्याला वाटतं मला कळलेलं नाही."

"आणि तू कुरणात जाऊन काय करणार होतास?"

"हवेत झाडणार होतो. तोही. मग हॅम खायला जाणार होतो."

"मग आव्हान दिलंसच का, जर्व्हिस?"

त्याने काठी दुसऱ्या हातात घेतली.

"सगळ्यांसमोर झालं होतं ना. मी गप्प बसलो असतो, तर का बसलो, हे लोकांनी शोधून काढलं असतं."